पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा

प्रश्न असा आहे: "आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. आम्ही दोघं, नऊ आणि चौदा वर्षांची मुलं आणि ६६ वर्षांचे सासरे. कोणीतरी बाहेरच्या देशातला व्हिडिओ पाठवला होता. गाइडसोबत घनदाट रेनफॉरेस्टमधून चालत जायचं आणि शेवटी मोठा धबधबा. मुलांनी तेच धरून ठेवलं आहे. नागपूरहून दोन दिवसांत असं काही जमेल का? गाइड खरंच लागतो का, की गावात रस्ता विचारत गेलो तरी चालेल? आणि तयारी काय करायची?"

जमेल. मुलांच्या मनात जे आहे त्याच्या बरंच जवळ जाणारं जमेल. मेळघाटातलं चिखलदरा किंवा मध्य प्रदेशातलं पचमढी, ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर, सोबत तिथलाच गाइड, आणि निघायचा दिवस सुट्टी बघून नव्हे तर पाऊस बघून ठरवायचा. सासऱ्यांसाठी बेत वेगळा करा, तो पुढे लिहिला आहे. मी बऱ्याच वर्षांपासून नागपूरहून सातपुड्यात आणि मेळघाटात लोकांना पायी घेऊन जातो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी रेनफॉरेस्टचं, कारण मुलं विचारणारच. उष्ण कटिबंधातलं खरं वर्षावन म्हणजे वर्षाला साधारण २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तोही बाराही महिने थोडाथोडा पडणारा. ॲमेझॉनचं खोरं, काँगोचं खोरं, आग्नेय आशिया इथे अशी जंगलं आहेत. आपल्या देशात अंदमान-निकोबार, ईशान्य भारत आणि पश्चिम घाटाचा काही भाग. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारी सदाहरित झाडी पाहायची तर कोयना, चांदोली, राधानगरी किंवा आंबोली गाठावी लागते. यातली पहिली तीन २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांमध्ये आहेत. आंबोलीला वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या नागपुरात ११०० ते १२००. हा फरक लक्षात घेतला की आपल्या आसपास तसं जंगल का नाही ते मुलांना एका वाक्यात सांगता येतं.

आपलं जंगल पानगळीचं. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, बांबू. एप्रिलमध्ये त्यात उभं राहायला सावली मिळत नाही, आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही. इतका बदल बाराही महिने हिरव्या राहणाऱ्या जंगलात होत नाही, आणि मला तो बघायला अजूनही तितकंच आवडतं. साग पावसात फुलतो, पांढुरक्या फुलांचा सडा वाटेवर पडतो. कडेला तेरडा, रानहळद, कळलावी. नाल्याच्या काठाला अर्जुन आणि जांभूळ, तिथे झाडी एकदम दाट होते. मुलांना व्हिडिओतलं जंगल दिसेल ते या नाल्याकाठच्या पट्ट्यात.

सातपुड्याचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात अशी मांडणी केली होती की, ईशान्येकडचे आणि मलायाकडचे काही मासे, विशेषतः डोंगरी ओढ्यांत राहणारे, विंध्य-सातपुड्याच्या ओलसर रांगेवरून पश्चिम घाटात पोचले असावेत. या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाला. पण पश्चिम घाटाचे काही रहिवासी आजही सातपुड्याच्या ओल्या दऱ्यांमध्ये सापडतात, हे डोळ्यांनी बघता येतं. शेकरू मेळघाटात आहे, पचमढीत आहे. पचमढीच्या अंधाऱ्या दऱ्यांत वृक्षनेचे आहेत, म्हणजे झाडाएवढं खोड असलेले नेचे (फर्न). आणि शीळकरी कस्तुर हा पक्षी आहे, काळपट निळा, खांद्यावर चमकदार निळा डाग. हा पावसाळ्यात ओढ्याजवळच गातो, आणि त्याची शीळ इतकी माणसासारखी असते की पलीकडून एखादं पोट्टं रिकामपणी शिट्टी वाजवत चाललं आहे असं वाटतं. पहाटे पाण्याच्या आवाजातून ती ऐकू आली की मुलांना थांबवा आणि दोन मिनिटं कोणी बोलू नका. आंबोलीला जाऊन जे ऐकायचं तेच तुम्ही नागपूरहून पाच-सहा तासांवर ऐकत असता.

आता जागा. चिखलदरा नागपूरहून अमरावती-परतवाडा मार्गे सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर, उंची साधारण १११८ मीटर. पचमढी सावनेर-सौंसर-छिंदवाडा-तामिया मार्गे अडीचशेच्या आसपास. दोन्हीकडे गाडीचा एक अर्धा दिवस जातो. फरक आहे तो दगडाचा, आणि चालणाऱ्याला तो पायाला कळतो.

चिखलदऱ्याचा डोंगर बेसाल्टचा, लाव्ह्याच्या थरावर थर. टणक थराखाली भोकाभोकांचा मऊ थर किंवा लालसर मातकट थर असतो. पाणी आधी तो मऊ थर खातं, वरचा टणक थर पुढे आलेला राहतो, आणि कधीतरी तुटून खाली येतो. धबधब्याच्या पायथ्याशी मोठमोठे कोनदार धोंडे पडलेले दिसतील, ते असे आलेले असतात. म्हणूनच मी कोणालाही सरळ धारेखाली उभं राहू देत नाही. वरून फक्त पाणीच येतं असं समजू नका. पचमढीचा दगड वालुकाश्म. तिथे दऱ्या अरुंद आणि खोल, आणि दगड पाणी पिऊन ते हळूहळू सोडतो, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही ओढे बराच काळ वाहतात. चिखलदऱ्याचे छोटे धबधबे उघाड पडली की काही दिवसांत बारीक होतात, पचमढीचे ऑक्टोबरातही छान असतात. तुमच्या मुलांची शाळा आणि दिवाळीची सुट्टी बघता हे कामाचं आहे.

मला विचाराल तर पहिल्यांदा पचमढी करा. बी फॉल या धबधब्याला पायऱ्या आहेत, अप्सरा विहार या धबधब्यापर्यंतची वाट नऊ वर्षांच्या मुलाला झेपते, आणि तिथून पुढे रजत प्रपाताच्या कड्याकडे जाता येतं. कड्यावर मात्र कठड्याच्या अलीकडेच राहायचं. मेळघाटातली पायी वाट जास्त जंगली, जास्त माझ्या आवडीची. ती पुढच्या वर्षी, मुलांचे पाय तयार झाल्यावर. चिखलदऱ्याला शनिवार-रविवारी पावसाळ्यात घाटात गाड्यांची जी रांग लागते, ती तुम्ही नागपूरकर म्हणून ऐकून असालच. जमलं तर सोमवार-मंगळवार काढा.

गोंदिया जिल्ह्यातला हाजरा फॉल सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनजवळ आहे. नागपूरहून एका दिवसात होतो, पण चालणं थोडं आणि माणसं फार. पैनगंगेवरचा सहस्रकुंड भव्य आहे, तो बघायचा धबधबा, जंगलातून चालत गाठायचा नव्हे. आणि पेंच-ताडोब्याचं मनातून काढून टाका: कोअर भाग पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, बफरमधली काही गेट सुरू असली तरी तिथे जिप्सीतून, म्हणजे उघड्या जीपमधून, फिरवतात.

आता मुख्य मुद्दा, दिवस कोणता. विदर्भातला आणि सातपुड्यातला पाऊस सह्याद्रीसारखा महिनाभर रिपरिप पडत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशा-छत्तीसगडवरून मध्य भारतात सरकतं, दोन-तीन दिवस झोडपून काढतं आणि मग उघाड देतं. डोंगरातल्या नाल्याचं पाणलोट छोटं असतं. वर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की अर्ध्या तासात नाला भरतो, आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतो. म्हणजे एकाच नाल्यात सकाळी घोट्याएवढं पाणी आणि दुपारी छातीएवढं. याचा सरळ अर्थ असा की मोठा पाऊस चालू असताना जायचं नाही, आणि तो थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी जायचं. पाणी निवळलेलं असतं, धबधबा जोरात असतो, वाट दिसते, आणि जंगल नुकतंच धुतलेलं असतं. ज्यांना भरपावसातच मजा येते त्यांना मी घरी गच्चीवर भिजायला सांगतो. हे मी मनापासून सांगतो, कारण पाण्याने माणसं गेलेली आपण बघतो. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात चार मुलं होती. ते मध्ये उभे होते, पाणी वाढत गेलं आणि काठावर परतायला जागा उरली नाही. आपल्याकडे कन्हान नदीवर वाकीला माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो.

हवामानाचा अंदाज बघताना एक गोष्ट लोक चुकवतात. नागपूरचा अंदाज बघून निघतात. तुम्ही जाताय त्या जिल्ह्याचा बघा: चिखलदऱ्यासाठी अमरावती, पचमढीसाठी नर्मदापुरम, म्हणजे आधीचं होशंगाबाद. विदर्भाचा जिल्हावार अंदाज आणि इशारे नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र देतं, मध्य प्रदेशचे भोपाळचं केंद्र. ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर बुकिंगचे पैसे गेले समजा आणि घरी राहा. येलो असेल तर गाइडला फोन करून काल किती पडला आणि नाला कसा आहे ते विचारा. विजेसाठी फोनमध्ये दामिनी ॲप घ्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं आहे.

गाइड लागतो का? लागतोच. पहिलं कारण कायद्याचं. मेळघाटात आणि पचमढीकडच्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे, परवानगीशिवाय आत शिरणं गुन्हा आहे, आणि बहुतेक पायवाटांवर वनखातं गाइडशिवाय सोडत नाही. पण हे कारण दुय्यम. खरं कारण असं की गावात रस्ता विचारला तर तुम्हाला रस्ता सांगतील, आज तो चालू आहे की नाही हे सांगायला कोणी तुमच्यासोबत येणार नाही. धबधब्याची वाट म्हणजे दिवसागणिक बदलणारी गोष्ट आहे. कालच्या पावसाने झाड आडवं झालेलं असतं, कडा घसरलेला असतो, अस्वलाने वारूळ उकरलेलं असतं.

चांगला गाइड काय करतो, ते एका ठिकाणी नीट दाखवतो. मेळघाटात माझ्यासोबत जो कोरकू आदिवासी गाइड असतो तो पहिला नाला ओलांडला की पलीकडच्या काठावर खाली बसतो. पाणी जिथे मातीला टेकतं, अगदी त्या रेषेवर एक हिरवी काडी रोवतो आणि तिच्यामागे, वीतभर वर, दुसरी. मग पुढे चालायला लागतो. लोकांना वाटतं देवाला काही वाहिलं. परत येताना तो सगळ्यांना मागे थांबवतो, एकटा पुढे जाऊन काड्या बघतो. पहिली काडी कोरड्या मातीत असेल तर पाणी उतरलं आहे, या. पहिली बुडाली आणि दुसरी कोरडी असेल तर घाई करा, बाकी काही नका करू. दुसरी बुडाली असेल तर आम्ही ओलांडतच नाही, पाणी उतरेपर्यंत अलीकडच्या उंच काठावर बसून राहतो. एकदा चालता चालता तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "भाऊ, पानी गढूळ झालं, आता नाही जा लागत." आमच्या डोक्यावर ऊन होतं. मला फरक दिसलाही नव्हता, पाण्यात जेमतेम चहाचा रंग आला होता आणि दोन-चार सुकी पानं नेहमीपेक्षा वेगाने वाहत होती. वरच्या अंगाला पाऊस झाला होता. आम्ही धबधबा न बघता परत फिरलो. अर्ध्या तासाने जो आवाज आला तो मी अजून विसरलो नाही.

या खुणा तुम्हीही पाठ करा. पाण्याचा रंग बदलणं, पानं-काटक्या वाहून येणं, आवाज जाड होणं, ओल्या मातीचा वास एकदम वाढणं. यातली एक जरी दिसली तरी पाण्यातून बाहेर, आणि बाहेर म्हणजे उंचावर. चपला-बॅगा-फोन घ्यायला परत जायचं नाही.

गाइड ठरवताना फोनवर चार प्रश्न विचारा. या आठवड्यात वाट कुठवर सुरू आहे? मध्ये नाले किती ओलांडावे लागतात? सगळ्यांच्या मागे कोण चालणार? आणि किती वाजता परत फिरायचं? ज्याच्याकडे शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच आहेत तो माणूस कामाचा. "जाऊ ना आरामात, काही होत नाही" असं म्हणणारा नको. नागपूरहून एखाद्या ग्रुपसोबत जाणार असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे त्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का ते विचारा, आणि ग्रुपचा लीडर असला तरी तिथला स्थानिक गाइड वेगळा असलाच पाहिजे. त्याच्या पैशांत घासाघीस करू नका. पावसाळ्यात मेळघाटातल्या गावांना रोकड मिळवायचे मार्ग थोडे, आणि त्याने परत फिरायचं ठरवलं तरी त्याला पूर्ण पैसे मिळणार आहेत हे सकाळीच सांगून टाका. म्हणजे नाही म्हणताना त्याच्या मनावर ओझं राहत नाही. माझ्या मते सुरक्षेसाठी तुम्ही करू शकता अशी ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

चालण्याची रांग. पुढे गाइड, त्याच्या लगेच मागे सगळ्यात हळू चालणारा माणूस, मग मुलं, मग तुम्ही, शेवटी एक जबाबदार मोठा माणूस जो कोणाच्याही मागेच राहणार. चौदा वर्षांच्याला पुढे पळायचं असणार, त्याला शेवटच्या माणसाचा मदतनीस करा आणि दर थांब्याला डोकी मोजायचं काम द्या. ते तो मनापासून करतो, अनुभव आहे. सकाळी सात-साडेसातला निघा आणि बारा वाजता, धबधबा दिसो न दिसो, परत फिरा. सप्टेंबरात सकाळ स्वच्छ असते आणि दुपारी ढग उभे राहतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजता आले नाहीत तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पठारावर, एकट्या झाडाखाली, पाण्यात थांबू नका, सखल झाडीत उतरा आणि एकमेकांपासून अंतर ठेवून पाय जवळ घेऊन बसा.

अंगात जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलते. लवकर वाळणारी पूर्ण लांबीची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ रेनकोट. छत्री जंगलात हात अडकवते. बूट खोल खाचांच्या रबरी तळाचे, आणि नवे अजिबात नकोत, आधी फुटाळा तलावाच्या काठाने दोन आठवडे चालून घ्या. कोरडे मोजे आणि एक टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत. पाणी माणशी दोन लिटर, कारण भिजलेल्या माणसाला तहान कळत नाही आणि दमट हवेत घाम भरपूर जातो. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाणे, गूळ. चिवड्याचं पाकीट उघडलं की माकडं येतात, हे चिखलदऱ्यात फारच.

ओल्या दगडावर पाय कसा टाकायचा हे मुलांना पहिल्या पाच मिनिटांतच शिकवा. काळा, चकचकीत, जणू तेल लावलेला दगड असेल त्यावर पाय नाही. ते शेवाळ आहे, दिसत नाही पण असतं. खरखरीत, राखाडी-पांढरे डाग असलेला दगड बहुधा वर्षभर पाण्याबाहेर असतो, तो पकडतो. पाय आधी टेकवायचा, हलकं दाबून बघायचं, मग अंगाचा भार. उडी मारायची नाही. दगडावरून दगडावर उडी मारणारा शंभरदा नीट जातो, पण घोटा मुरगळला की घरच्यांना त्याला चार तास खांद्यावर न्यावं लागतं. उतरताना जास्त जपा. माझ्या पाहण्यात बहुतेक लोक परतीच्या वाटेवर पडतात, कारण मांड्या थकलेल्या असतात आणि मन गाडीत जाऊन बसलेलं असतं.

नाला ओलांडताना माप तुमच्या गुडघ्याचं नाही, सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्याचं. वाहतं पाणी त्याच्या वर असेल तर ओलांडणं नाही. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय उचलायचा, आणि पाठीवरच्या बॅगेचा कमरेचा पट्टा सोडलेला. लोक भावनेने एकमेकांचे हात घट्ट धरून साखळी करतात. एक पडला की साखळी ओढली जाते. मूल मोठ्या माणसाने काखेत घ्यावं किंवा गाइडकडे द्यावं.

आणि धबधब्यापाशी पोचल्यावर पोहायचं नाही. डोह शांत दिसला तरी नाही. धारेखालचं पाणी फेसाळ असतं, त्यात हवा मिसळलेली असते, आणि अशा पाण्यात चांगला पोहणारासुद्धा नीट तरंगत नाही. धार पडते तिथून पाणी खाली जाऊन आतल्या आत फिरत राहतं, माणसाला बाहेर सोडत नाही. धारेपासून लांब, घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यात पाय टाकून बसा. मुलं तासभर खडे जमवतात, खेकडे शोधतात, आणि त्यांना पोहायचं होतं हेच विसरतात. वर कड्याच्या काठावर फोटोसाठी कोणी जाणार नाही, हे निघण्याआधी घरीच ठरवून घ्या, तिथे जाऊन वाद नको.

जनावरांबद्दल लोक वाघाचं विचारतात. पायी चालताना मला जास्त काळजी अस्वलाची. त्याला नीट दिसत नाही, आणि पाण्याच्या आवाजात आपण आल्याचं त्याला कळत नाही. ओढ्याकाठी वळणावर आपसात साध्या आवाजात बोलत चाला, गाणी-स्पीकर नको, पण पूर्ण गप्पही नको. वाटेवर आडवं जाळं दिसलं, मध्ये तळहाताएवढा कोळी, तर ती पावसाळ्यातली जंगलातली मोठी कोळीण. काठीने जाळं तोडू नका, वाकून खालून जा. मुलांना हे फार आवडतं.

जळवांची भीती आंबोलीसाठी ठेवा, आपल्या बाजूला त्यांचा उपद्रव फारसा नाही. कधी तिकडे गेलात आणि लागली तर ओढू नका, जाळू नका, नखाने बारीक टोकाकडून सरकवून काढा. रक्त बराच वेळ वाहत राहतं, कारण जळू रक्त न गोठण्याचा पदार्थ सोडते. त्याने घाबरायचं नाही. आपल्याकडे ज्याची काळजी घ्यायची तो स्क्रब टायफस. गवता-झुडपांतल्या अतिशय बारीक किड्यांच्या अळ्या चावतात आणि त्यातून जंतू अंगात जातो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात याची मोठी साथ आली होती, माणसं दगावली होती. म्हणून गवतावर लोळायचं नाही, पँट मोज्यांत खोचायची, हॉटेलवर परतल्यावर साबणाने अंघोळ आणि कपडे वेगळ्या पिशवीत. त्यानंतर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की आम्ही जंगलात गेलो होतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली न दुखणारी काळी खपली आहे का ते बघा. वेळेत कळलं तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी हा आजार बरा होतो, उशीर झाला की मात्र गंभीर होतो.

साप चावलाच तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय काठीला बांधून हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, त्याखाली अचलपूर, मग अमरावती. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. जंगलात रेंज नसते, म्हणून कुठून कुठे चाललो आणि किती वाजता परतणार हे हॉटेलवर लिहून ठेवा.

आता सासरे. ६६ वर्षं म्हणजे म्हातारपण नाही, पण तुम्ही त्यांच्या गुडघ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. रोज तासभर चालत असतील आणि तुमच्या इमारतीचे चार मजले न थांबता चढत-उतरत असतील तर पचमढीत अप्सरा विहारपर्यंत त्यांना न्या. उतरताना गुडघा धरत असेल तर आग्रह करू नका. चिखलदऱ्याला भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल ही ठिकाणं गाडीतून उतरून जवळ आहेत. भीमकुंडाच्या दरीत धुकं उघडझाप करत असतं आणि मध्येच सगळा धबधबा एकदम दिसतो. तुम्ही परत येईपर्यंत त्यांना बसायला चांगली जागा, गरम चहा आणि सोबतीला गाडीचा ड्रायव्हर असला की झालं. ड्रायव्हर घेऊन जाण्याचं दुसरं कारण म्हणजे दिवसभर चालून आलेल्या माणसाने संध्याकाळी घाट उतरवू नये.

पचमढीचा बेत असा आखा. पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघा, दुपारपर्यंत पोचा, वनविभागाची परवानगी, जिप्सी आणि गाइड त्याच दिवशी ठरवून घ्या आणि संध्याकाळी फक्त गाव फिरा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वाटेला लागा, बाराला परत फिरा, दीड-दोनला जेवण. त्याच दिवशी नागपूर गाठायचं असेल तर जेवून लगेच निघावं लागेल आणि तामियाचा घाट उजेडात उतरून जाईल. जमलं तर एक मुक्काम वाढवा. पहिल्या दिवशी पाऊस लागला तर वाटेला जायला तुमच्याकडे तिसरा दिवस असेल. बुकिंग करताना तारीख पुढे ढकलता येते का ते आधी विचारा आणि तसंच हॉटेल घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.